धंदा मांडण्यापूर्वी

(पुणे येथे नवे उद्योग काढू पाहणारे तरुण-तरुणी व त्यांचे कुटुंबीय ह्यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाला हल्ली ‘स्टार्टअप’ असे नवे नाव मिळाले आहे. नाव नवे असले तरी गोष्ट जुनीच आहे. लोकांना ज्याची गरज आहे असे काही आपल्या बुद्धीने व श्रमाने निर्माण करावे, आणि त्याच्या मोलावर आपले व आणखी चार माणसांचे पोट भरावे, एवढाच त्याचा अर्थ होय. हा शब्द पुण्यात हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत जितका ऐकू येतो तितकाच आता भोसरीच्या गाळ्यांत आणि येरवड्याच्या वस्त्यांतही ऐकू येऊ लागला आहे. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु ह्या आनंदाच्या भरात एक गोष्ट नजरेआड होण्याचा संभव आहे, आणि तीच सांगण्यासाठी मी आपणांपुढे उभा आहे.

ज्या घरात तीन पिढ्यांची पेढी आहे त्या घरातील मुलगा दुकानाच्या गादीवर बसल्याबसल्याच पुष्कळ काही शिकतो. उधारी कोणास द्यावी व कोणास देऊ नये, माल केव्हा भरावा, बँकेत कोणत्या टेबलाशी बोलावे, हे त्याला कोणी मुद्दाम शिकवीत नाही. आपल्यापैकी बहुसंख्य कुटुंबांत आजोबा गिरणीत, रेल्वेत अथवा खडकी-देहूरोडच्या लष्करी कारखान्यांत कामाला लागले, आणि वडील शिकून कचेरीत गेले. घरात पगाराची शिस्त आली. परंतु व्यापाराची वही घरात आली नाही. ही उणीव बुद्धीची खास नव्हे. ज्या समाजरचनेने आपल्या पूर्वजांना धनसंचयाचा अधिकारच नाकारला, तिने मागे ठेवलेली ती उणीव आहे. यास्तव माझे म्हणणे असे की, जे इतरांना वारशाने मिळते ते आपणांस पूर्वतयारीने मिळविले पाहिजे.

तयारीवाचून मांडलेला धंदा बुडतो तेव्हा काय होते, ह्याचाही विचार करा. पेढीवाल्याच्या मुलाचा धंदा बुडाला तर काका त्याला दुसरा काढून देतो. आपल्या घरी बुडतो तो वडिलांचा प्रॉव्हिडंट फंड, गहाण पडतात ते आईचे दागिने, आणि थांबते ते धाकट्या बहिणीचे शिक्षण. शिवाय जग म्हणावयास मोकळे होते की, “ह्यांचे हे कामच नव्हे.” एका माणसाच्या चुकीचे ओझे सबंध समाजाच्या माथी मारले जाते. म्हणून हा प्रश्न केवळ पैशाचा नसून स्वाभिमानाचाही आहे.

तीन जुने दाखले

महात्मा जोतीराव फुले ह्यांना आपण शाळा काढणारे व सत्यशोधक समाज स्थापणारे म्हणून ओळखतो. परंतु ते ह्याच पुण्यातील एक कर्तबगार व्यावसायिक होते, ह्याची आठवण आपण क्वचितच ठेवतो. ‘पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी’ ह्या संस्थेशी त्यांचा संबंध होता. कात्रजचा बोगदा, खडकवासल्याचे धरण अशा मोठ्या बांधकामांत त्यांनी कंत्राटे घेतली, आणि ओतकामाच्या मुशी विकण्याची एजन्सीही त्यांनी चालविली. ज्याची मिळकत स्वतःच्या कष्टाची आहे त्याचे तोंड कोणास बंद करता येत नाही. जोतीरावांच्या निर्भय वाणीमागे हेही एक बळ होते.

दुसरा दाखला प्रत्यक्ष बाबासाहेबांचा आहे. न्यूयॉर्क व लंडन येथे अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन १९१७ साली ते मायदेशी परतले. बडोद्याच्या नोकरीत जो अपमान झाला तो आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्यानंतर मुंबईत त्यांनी शेअरबाजारातील व्यवहारांविषयी सल्ला देणारी एक संस्था काढली. ह्या विषयातला त्यांच्याइतका जाणता माणूस त्या काळी शोधून सापडला नसता. परंतु सल्ला देणारा गृहस्थ अस्पृश्य आहे ही वार्ता फुटताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि ती संस्था बंद करावी लागली. ज्ञान होते, उद्योगशीलता होती; तरी गिऱ्हाईक जातीने पळविले.

तिसरा दाखला कोल्हापूरचा. गंगाराम कांबळे हे राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी चाकरीस होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना सवर्ण नोकरांनी मारहाण केली. महाराजांनी अपराध्यांना शासन केले आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढावयास सांगितले. त्यांनी चहाचे दुकान काढले. दुकान स्वच्छ, चहा उत्तम. पण महाराच्या हातचा चहा पिणार कोण? तेव्हा महाराज स्वतः त्या दुकानी जाऊन चहा पिऊ लागले व बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. महाराजांनी गंगारामांना भांडवलाहून मोठी गोष्ट दिली. त्यांनी त्यांना पहिले गिऱ्हाईक दिले.

ह्या तीन दाखल्यांतून एक बोध निघतो. माल आणि ज्ञान ही धंद्याची एक बाजू होय. तो माल कोण घेणार, किती घेणार आणि पैसे केव्हा देणार, ही दुसरी बाजू. आपले तरुण पहिल्या बाजूची तयारी करतात आणि दुसरी बाजू नशिबावर सोडतात.

आधी गणित, मग पाटी

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, आपल्यापैकी एक भगिनी हिंजवडीतील नोकरदारांना दुपारचे डबे पुरविण्याचा धंदा काढू इच्छिते. डब्याची किंमत ९० रुपये. धान्य, भाजी, तेल मिळून ४५ रुपये. गॅस व बांधणी १० रुपये. पोहोचविण्याचे १० रुपये. म्हणजे एका डब्यामागे ६५ रुपये खर्च झाले आणि २५ रुपये उरले. आता डबा एकही गेला नाही तरी जो खर्च टळत नाही तो पाहा : जागेचे भाडे १५,०००, मदतनिसाचा पगार १४,०००, वीज-पाणी-दूरध्वनी ४,०००, कर्जाचा हप्ता ५,०००, एकूण महिना ३८,००० रुपये.

ती म्हणते, “रोज ६० डबे गेले की पुष्कळ झाले.” महिन्याचे कामाचे दिवस २५ धरले तर ६० डब्यांचे १,३५,००० रुपये तिच्या हातून फिरतात. एवढी रक्कम पाहून घरची मंडळी हरखून जातात. परंतु हिशेब मांडा. ६० डब्यांमागे उरतात महिना ३७,५०० रुपये, आणि न टळणारा खर्च आहे ३८,०००. म्हणजे सव्वा लाखाहून अधिक रुपयांची उलाढाल करून, पहाटे चारला उठून, ती महिना ५०० रुपये पदरचे घालते. एकसष्टाव्या डब्याला तिचा तोटा भरून निघतो. तिने स्वतःच्या श्रमाचे २०,००० रुपये धरले, आणि ते धरलेच पाहिजेत, तर तिला रोज ९३ डबे पोहोचवावे लागतील.

हे गणित पाटी रंगविण्यापूर्वी केले तर त्याला एक वही व एक संध्याकाळ लागते. पाटी रंगविल्यानंतर केले तर त्याला दागिने लागतात. आणि गणित प्रतिकूल निघाले म्हणून धंदा सोडावाच असे नाही. डबे एकाच इमारतीत देऊन पोहोचवणूक १० रुपयांवरून ६ वर आणता येते काय? भाड्याच्या जागेऐवजी प्रारंभीचे सहा महिने घरच्या स्वयंपाकघरातून चालविता येते काय? असे प्रश्न त्या वहीतूनच सुचतात.

आता उधारीचे पाहा. एखादी कंपनी म्हणाली, “रोज ९३ डबे आम्हीच घेतो, पैसे ४५ दिवसांनी,” तर आपण पेढे वाटतो. परंतु त्या ४५ दिवसांत धान्यवाला, गॅसवाला, मदतनीस व घरमालक थांबणार नाहीत. वरील हिशेबाने दीड महिन्याचा हा खर्च सुमारे २,८४,००० रुपये होतो. घरखर्च त्यात धरलेला नाही. एवढे खेळते भांडवल जवळ नसेल तर मोठी मागणी हीच बुडण्याचे कारण होते. पुष्कळ धंदे गिऱ्हाइकाअभावी बुडतात, आणि काही गिऱ्हाईक मिळाल्यामुळे बुडतात, ते असे.

मेलेल्या उंदराचे भांडवल

कोणी म्हणेल, “हे सारे खरे, पण मूळ भांडवलच नाही, त्याचे काय?” ह्यावर जातककथांतील एक कथा आपण मुलांना अवश्य सांगावी. चुल्लकसेट्ठि जातक असे तिचे नाव. वाटेत पडलेला मेलेला उंदीर पाहून एक श्रेष्ठी उद्गारला की, हुशार तरुण एवढ्यावरही व्यापार उभा करील. एका गरीब तरुणाने ते ऐकले. त्याने तो उंदीर एका मांजरासाठी क्षुल्लक नाण्याला विकला. त्या नाण्याचा गूळ घेतला, पाण्याचा घडा भरला, आणि रानातून थकून येणाऱ्या फुलवाल्यांना गूळ-पाणी दिले. त्यांनी त्याला मूठमूठ फुले दिली. पुढे वादळात राजाच्या बागेत फांद्या पडल्या. त्या त्याने मुलांकडून गोळा करविल्या व राजाच्या कुंभाराला सरपण म्हणून विकल्या. त्याने ५०० गवत कापणाऱ्यांना रोज पाणी पाजले. घोड्यांचा व्यापारी नगरात येणार ही बातमी त्याला आधी कळली, तेव्हा त्याच गवतवाल्यांनी त्याला एकेक पेंढी दिली आणि त्याचे गवत विकले जाईपर्यंत आपले विकले नाही. अखेरीस तो बंदरातील जहाजाच्या मालाचा सौदा करण्याइतका मोठा झाला.

ह्या कथेत दैवी चमत्कार कोठेच नाही. तो तरुण प्रथम कोणास कशाची नड आहे हे पाहतो, मग माणसे जोडतो, बातमी वेळेवर मिळवितो, आणि प्रत्येक पायरीवर जेवढे हाती आहे तेवढ्याचाच व्यवहार करतो. भगवान बुद्धाला प्रथम शरण आलेले उपासक तपस्सु व भल्लिक हे व्यापारीच होते, आणि अनाथपिंडिकाच्या दानशूरतेमागे त्याचा व्यापार उभा होता. व्यापार आपणांस परका आहे असे म्हणणाऱ्यांनी आपली परंपरा पाहिलेली नाही.

कागद हेच आपले कुलमुखत्यार

ज्यांची ओळख मोठी त्यांचे काम तोंडी होते. आपली ओळख कागदाने द्यावी लागते. म्हणून कागदाचा कंटाळा करू नका.

पहिला कागद भागीदारीचा. एकाच वस्तीतील तीन मित्र एकत्र येतात आणि म्हणतात, “आपल्यात लिहून काय घ्यायचे?” भागीदारीचा कायदा १९३२ चा आहे, तो तोंडी भागीदारीही मानतो, परंतु भांडण उभे राहिले म्हणजे तोंडी शब्द कोणाच्या कामी येत नाही. कोणी किती पैसे घातले, कोण किती वेळ देणार, नफा कसा वाटावयाचा, कोणी बाहेर पडला तर त्याचे किती, हे लिहून काढा. मैत्री टिकवावयाची असेल तर लेख करा.

दुसरा कागद उद्यम नोंदणीचा. २०२० पासून चालू असलेली ही सरकारी नोंदणी विनामूल्य आहे. तिच्यासाठी हजारो रुपये मागणाऱ्या दलालास दारातूनच परत पाठवा. ही नोंदणी माल पुरविण्यापूर्वी करा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यान्वये सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे देण्यास ४५ दिवसांपेक्षा अधिक मुदत लेखी करारानेही ठेवता येत नाही, आणि त्याहून उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज द्यावे लागते. पैसे अडकले तर सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. ज्याला हे माहीत आहे तो गिऱ्हाइकापुढे हात जोडून उभा न राहता कायदा सांगून उभा राहतो.

तिसरा कागद जातीच्या दाखल्याचा. धम्म स्वीकारला म्हणजे सवलती गेल्या, असा एक गैरसमज अजूनही काही घरांत आहे. १९५६ नंतर दीर्घकाळपर्यंत केंद्राच्या सवलती धर्मांतरित बौद्धांना नाकारल्या जात होत्या, हे खरे. परंतु १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश झाला. तेव्हा दाखला वेळेवर काढून ठेवा. निविदेच्या आदल्या दिवशी तहसील कचेरीत धावू नका.

ह्या दाखल्याचा उपयोग काय, असे विचाराल तर शाहू महाराजांच्या चहाची आठवण करा. जे काम तेव्हा एका राजाने केले ते आता नियमाने व्हावयाचे आहे. केंद्र सरकारने २०१२ साली खरेदी-धोरणाचा आदेश काढला. २०१८ च्या दुरुस्तीनंतर त्यान्वये केंद्राची खाती व सार्वजनिक उपक्रम ह्यांनी आपल्या खरेदीपैकी किमान २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाची असते, आणि त्यात ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचा असतो. हे ४ टक्क्यांचे उद्दिष्ट वर्षानुवर्षे अपुरे राहत आले आहे. त्याचा दोष खरेदी करणाऱ्यांच्या उदासीनतेकडे जातो, तसाच तो आपल्या अपुऱ्या तयारीकडेही जातो. हक्क कागदावर आहे. तो वसूल करणारा पुरवठादार आपणांतून उभा राहिला पाहिजे.

येथेच एक इशारा देतो. अशा सवलती दिसल्या की काही धनिक आपल्या तरुणांकडे येतात आणि म्हणतात, “नाव तुझे, पैसा आमचा, महिन्याला काही रक्कम घरपोच.” ह्या फासात सापडू नका. धंद्यात खरोखरच किमान ५१ टक्के मालकी आपली असावी असा नियम आहे. नावापुरता मालक झालेला तरुण कर्जाला व खटल्याला मात्र पुरता मालक ठरतो. बाबासाहेबांनी मिळवून दिलेली सही भाड्याने देण्यासाठी नाही.

पैसा कोठून, आणि किती

महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे, आणि अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीच ते आहे. जिल्हा उद्योग केंद्रे आहेत. पुण्यातच बार्टी ही संस्था आहे. ह्या ठिकाणी स्वतः जाऊन चौकशी करा. परंतु योजनेच्या आधारावर धंदा बेतू नका. स्टँड-अप इंडिया ही योजना २०१६ साली सुरू झाली. तिच्यातून १० लाखांपासून १ कोटीपर्यंत कर्जाची सोय होती, आणि तिची मुदत २०२५ पर्यंतच होती. योजना येतात व जातात. जो धंदा अनुदानाविना गणितात बसत नाही तो अनुदान मिळाल्यावर थोडा उशिरा बुडतो, इतकाच फरक.

घरच्या पैशाविषयी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला सोपा नियम सांगितला आहे : मिळकतीचे चार भाग करावे, एकात संसार चालवावा, दोन धंद्यात घालावे, आणि चौथा संकटासाठी राखून ठेवावा. आपल्याकडे धंदा काढणारा तरुण ह्या चौथ्या भागालाच पहिला हात घालतो. माझी आई-वडिलांना विनंती आहे : मुलाला मदत अवश्य करा, पण सेवानिवृत्तीची सगळी रक्कम त्याच्या हवाली करू नका. आणि मुलांना सांगणे आहे : वडिलांकडून घेतलेला रुपयाही वहीत कर्ज म्हणून लिहा. घरची गोष्ट म्हणून जो पैसा लिहिला जात नाही तो परतही येत नाही.

एकट्याने नव्हे

हे सारे एकट्याने करावयाचे नाही. २००५ साली ह्याच पुण्यात श्री. मिलिंद कांबळे ह्यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे ‘डिक्की’, ही उद्योजकांची संघटना स्थापन केली. लातूर जिल्ह्यातून आलेल्या व स्थापत्य अभियंता झालेल्या ह्या गृहस्थांनी प्रथम स्वतः बांधकामाचा व्यवसाय उभा केला आणि मग इतरांना एकत्र आणले. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी अकोल्याकडील श्रीमती कल्पना सरोज ह्यांनाही पद्मश्री मिळाली. डबघाईस आलेली कमानी ट्यूब्ज ही कंपनी त्यांनी सावरली होती. ह्या संघटनेच्या सर्वच मतांशी सर्वांचे एकमत होईल असे नाही. नोकऱ्यांतील आरक्षणाचा लढा उद्योगामुळे संपत नाही, हे मीही मानतो. तथापि पेढीवाल्याच्या मुलाला काका जे सांगतो ते आपल्या मुलाला सांगणारी जागा असावी, हा त्यामागील विचार मोलाचा आहे. प्रत्येक वस्तीत अशी लहान बैठक का होऊ नये? ज्याने धंदा चालविला आहे आणि ज्याचा बुडाला आहे, अशा दोघांनीही तेथे आपल्या वह्या उघडाव्या.

एवढे करूनही धंदा कोणता करावा हा प्रश्न उरतोच. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य व विष ह्यांचा व्यापार उपासकाने करू नये असे तथागतांनी सांगितले आहे. त्याच्याच जोडीला मी आणखी एक सांगेन. ज्यांच्या बापजाद्यांनी वेठ केली त्यांनी आपल्या कामगाराचा पगार एक दिवसही अडवू नये. आपण मालक झालो आणि वागणूक जुन्या मालकाचीच ठेवली, तर फक्त गादीवरचा माणूस बदलला, दुसरे काही बदलले नाही.

आता प्रत्यक्ष करावयाचे सांगून मी आपली रजा घेतो. पुढील ९० दिवस नोकरी सोडू नका आणि कर्ज काढू नका. पहिल्या ३० दिवसांत गिऱ्हाईक होऊ शकतील अशा ३० माणसांना भेटा. आपला माल वाखाणून सांगू नका, त्यांची अडचण विचारा व लिहून घ्या. दुसऱ्या ३० दिवसांत लहान प्रमाणात माल करून विका, आणि फुकट देऊ नका. कारण फुकट घेणारा खरे मत सांगत नाही. उरलेल्या ३० दिवसांत आपल्या डब्याचे गणित मांडा, कागद पुरे करा आणि ती वही दोन अनुभवी माणसांपुढे ठेवा. त्यांनी काढलेल्या चुका सोसण्याची तयारी असेल तर एक्याण्णवाव्या दिवशी खुशाल पाटी लावा. आणि गणित सांगत असेल की हा धंदा होणार नाही, तर वही मिटून दुसरी उघडा. त्यात लाज नाही. घर शाबूत आहे, बहीण शाळेत आहे, आणि तुम्ही पूर्वीपेक्षा शहाणे झाला आहात.

जयभीम.